दोघांपुरती मशीन

आळे गाव ते आळेफाटा एवढ्या टापूत, दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास न ठेवण्याच्या बाबतीत आमच्या आळ्याच्या काकांच्या पासंगाला पुरेल असा माणूस मी पाहिलेला नाही, आणि फाट्यावर वीस-बावीस वर्षं दुकान चालवल्यामुळे माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. काका म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. उंच, हाडकुळे, डोक्यावर पांढरी टोपी आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी दुधात बुडवून पाहायचा काचेचा लॅक्टोमीटर. गावच्या दूध डेअरीत त्यांनी उभी हयात फॅट काढण्यात घालवली. रोज सकाळ-संध्याकाळ शेतकरी किटल्या घेऊन रांगेला उभे राहायचे. काका प्रत्येकाच्या दुधाचा नमुना काचेच्या नळीत घ्यायचे, त्यात ॲसिड घालायचे, नळ्या यंत्रात गरगर फिरवायचे आणि वर आलेल्या पिवळ्या थराकडे एक डोळा मिटून बघायचे. रांगेतला एखादा लाडीगोडीनं म्हणायचा, "काका, आत्ता धार काढलीय, थेंबभर पानी न्हाई." काका मान वर न करता म्हणायचे, "मी कुटं ईचारलं? नळी सांगंल की." यात कुणाचा अपमान करायचा हेतू नसायचा. स्वतःच्या घरचं दूधसुद्धा ते याच रांगेतून आणायला लावत, आणि एकदा त्यात पाणी निघालं तेव्हा मावशीचंही दूध त्यांनी चारचौघांसारखंच परत पाठवलं. त्या दिवशी काकांना जेवायला मिळालं की नाही, याबद्दल गावात दोन मतं आहेत.

डेअरीतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या लेखी सगळ्या जगाचंच दूध झालं. नव्वदच्या दशकात आमच्या भागात एकेक नवी वस्तू येऊ लागली होती आणि प्रत्येक वस्तूबरोबर तिची स्तुती करणारा एकेक माणूसही येत होता. थोरल्या मुलानं हौसेनं घड्याळ आणलं आणि सांगितलं, की आप्पा, हे पाण्यानं बिघडत नाही. काकांनी ते तांब्याभर पाण्यात सोडलं आणि तांब्यावर फुलपात्र झाकून ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी मावशीनं पाहुण्यांना पाणी द्यायला तोच तांब्या उचलला. घड्याळ अचूक चालत होतं, आणि एका पाहुण्यानं म्हणे पाणी पिण्याआधी त्यात वेळही बघून घेतली. लग्नाकार्यात बासुंदी वाढायला आलेल्या आचाऱ्यानं "निव्वळ दुधाची हाय" असं म्हटलं, की काका तिचा एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन नख उभं करत आणि थेंब कसा ओघळतो ते बघत. सगळी पंगत हात आवरून त्यांच्या नखाकडे बघत बसलेली मी स्वतः पाहिली आहे.

पण या सगळ्यांवर ताण म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलीचं, मनीषाचं लग्न. मुलाकडच्यांनी सांगितलं, की मुलगा निर्व्यसनी आहे. काकांनी ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं पुणं गाठून मुलाच्या कारखान्यासमोरच्या पानटपरीच्या बाकड्यावर दिवसभर बसून राहिले. मुलगा दोनदा बाहेर आला, दोन्ही वेळा चहा पिऊन आत गेला. काकांनी टपरीवाल्याला एका शब्दानं विचारलं नाही, कारण टपरीवाला झाला तरी माणूसच, तो काहीही सांगेल. घरी येऊन मावशीला म्हणाले, "दे हो म्हनून. पोरगं चा लई पितंय, पन तेवडंच." जावयांना ही गोष्ट लग्नानंतर चार वर्षांनी कळली. तेव्हा ते ओशाळून म्हणाले, "त्या बाकड्यावरच्या आजोबांना मी जरा सरकून बसा म्हणालो होतो."

माझं दुकान विजेच्या वस्तूंचं. पंखे, मिक्सर, टीव्ही, पुढे पुढे फ्रिज आणि वॉशिंग मशीन. दुकान उघडलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात काका मिक्सर घ्यायला आले. मी भाच्याच्या अभिमानानं चार मिक्सर मांडले आणि एकेकाचे गुण सांगू लागलो. काकांनी माझं बोलणं संपू दिलं आणि मग पिशवीतून घरून आणलेल्या सुक्या लाल मिरच्या काढल्या. चारही मिक्सरमधून त्यांनी मिरची दळली. दुकानातली माणसं शिंकत रस्त्यावर गेली, समोरचा हॉटेलवाला भांडायला आला आणि शिंकत परत गेला. काका मात्र डोळ्यांना रुमाल लावून बोटांनी मिरचीचा कण चोळून पाहत होते. शेवटी त्यांनी सगळ्यांत साधा मिक्सर उचलला. तो मावशीच्या घरात पुढे कित्येक वर्षं चालला, आणि त्यानंतर मीही गिऱ्हाइकाला तोच मिक्सर आधी दाखवू लागलो, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

दोन हजार दोन-तीनच्या सुमाराला माझ्या हातून धंद्यातली एक मोठी चूक झाली. पुण्याहून माल आणताना तिथल्या एका गोडबोल्या माणसानं माझ्या गळ्यात एक वेगळीच मशीन मारली. आकारानं आटोपशीर, समोर गोल काचेचं दार, आणि खुबी अशी की तीच कपडे धुणार आणि तीच वाळवणार. मळके कपडे टाका, कोरडे काढा. मी ती दुकानात अगदी पुढे मांडली. राजुरीपासून, निमगाव साव्यापासून माणसं बघायला आली. गोल काचेत डोकावली, दार उघडून आत हात घालून पाहिला, आणि पंखा घेऊन गेली. निमगावच्या एका बाईंनी तर शांतपणे विचारलं, "इस्तरी हुन येत्यात का?" नाही म्हटल्यावर त्यांचा सगळा रसच गेला. वर्ष-दीड वर्ष ती मशीन तशीच उभी राहिली. तोवर तिचे दोषही मला पाठ झाले होते. धुवायला पाच किलो कपडे घेते, पण वाळवायला त्याच्या निम्मेच. म्हणजे धुतलेल्यातले अर्धे बाहेर काढायचे, मग उरलेले वाळवायचे. त्यात चार-पाच तास जातात, आणि आमच्याकडे तर सलग चार तास वीज असली की लोक एकमेकांना फोन करून सांगत. थोडक्यात, ती पुण्यातल्या फ्लॅटमधल्या जोडप्यासाठी होती. शेतातली काळी माती, गोठ्याचे कपडे आणि घरात अकरा माणसं, अशा संसारात ती टिकणारी नव्हती.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मनीषा माहेरी बाळंत झाली. जुळी झाली, एक मुलगा, एक मुलगी. घरात आनंदीआनंद, आणि त्याबरोबर दिवसाला चाळीस-पन्नास लंगोट आणि दुपटी. एरवी आळ्याचं ऊन असं की सकाळी टाकलेला कपडा दुपारपर्यंत पापडासारखा होतो. पण त्या वर्षी श्रावणात झड लागली ती तीन आठवडे हटेना. पाऊस मोठा नाही, पण सूर्य म्हणून दिसत नव्हता. मावशीनं माजघरात, ओटीवर, जिन्यात दोऱ्या बांधल्या. घरात शिरायचं म्हणजे ओल्या दुपट्यांतून वाट काढत जावं लागे. तरी कपडे वाळेनात, तेव्हा मावशीनं जुना उपाय काढला. निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालायचं आणि त्यावर लंगोट पसरायचे. कपडे वाळायचे, पण त्यांना धुराचा वास यायचा, आणि खोलीत धूर साठायचा. आठवड्याभरात मुलीला खोकला लागला. एवढासा जीव, खोकताना लालबुंद व्हायचा आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. दोनदा तिला नारायणगावला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं, की बाळाच्या आसपास धूर अजिबात नको. शेगडी बंद झाली. मग अर्धवट ओले लंगोट बांधल्यानं दोन्ही पोरांच्या अंगावर पुरळ उठलं. मनीषा रडकुंडीला आली. मावशी रात्री कपडे उशाखाली घेऊन निजू लागली, तेवढ्या उबेनं वाळले तर वाळले म्हणून.

एका सकाळी मी दुकान उघडत होतो तर काका छत्री घेऊन पायरीवर उभे, आणि शेजारी दुधाचा मोठा ॲल्युमिनियमचा कॅन. मला वाटलं, मावशीनं खरवसाचं दूध पाठवलं. काकांनी झाकण उघडलं. आत पिळलेली ओली दुपटी ठासून भरली होती.

"तुजी ती गोल दाराची मशीन," ते म्हणाले, "ती वाळवती म्हनतोस ना?"

"वाळवती, पण काका, ती तुमच्या घराला पुरायची न्हाई," मी म्हणालो. दुकानदार म्हणून असं बोलायला मला जड गेलं, पण समोर मावशीचं घर होतं. "अकरा माणसांचे कपडे तिच्यात व्हायचे नाहीत. वाळवायला तर निम्मेच घेती. तुम्ही म्हणत असाल तर धुवायची मोठी मशीन देतो, दणकट."

"आकरा मान्सांचं कोन म्हन्लं? मी दोगांचं ईचारतोय," काका म्हणाले. "आन् धुवायला मान्सं हायेत. वाळवायला ऊन न्हाई."

या वाक्यानं माझं वर्ष-दीड वर्षाचं ज्ञान जागच्या जागी निकालात निघालं. मी ती मशीन आजवर घराच्या मापानं मोजत होतो. दोन तान्ह्या पोरांच्या मापानं ती मोजावी, हे मला सुचलं नव्हतं.

मग तपासणी सुरू झाली. काकांनी पिशवीतून ताणकाटा काढला, ओले कपडे धोतराच्या फडक्यात बांधून लटकवले आणि वजन पाटीवर खडूनं लिहिलं. कपडे आत टाकून मी नळ जोडला आणि नुसतं वाळवायचं बटण दाबलं. काका समोर स्टूल घेऊन बसले. डबाही आणला होता. मध्ये वीज गेली, मी जनरेटर लावला. गोल काचेमागे दुपटी वर जात होती, खाली पडत होती, आणि काका एक डोळा मिटून तिकडे बघत होते. दुकानात आलेली गिऱ्हाइकं त्यांच्या मागे उभी राहून बघू लागली. दोन-अडीच तासांनी मशीन थांबली. काकांनी कपडे काढले, पुन्हा लटकवले, पुन्हा वजन लिहिलं. मग डब्याचं स्टीलचं गार झाकण घेतलं आणि एक गरम दुपटं त्यावर दाबून धरलं. कपड्यात दमटपणा असता तर झाकणावर वाफ धरली असती. झाकण कोरडं राहिलं. त्यांनी एकेक करून सगळी दुपटी झाकणावर दाबली. शेवटचं दुपटं मात्र झाकणाला न लावता गालाला लावलं आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं.

"टेम्पो सांग," ते म्हणाले.

मशीन घरी आली, पण तिचं बस्तान बसवणं सोपं नव्हतं. वाळवतानाही आतली वाफ गार करायला तिला नळाला जोर असलेलं पाणी लागायचं, आणि काकांच्या घरी पाणी हौदातून घ्यायचे. काकांनी गोठ्याच्या पत्र्यावर लोखंडी घोडा उभा करून त्यावर पिंप चढवलं. विजेच्या दाबासाठी मी स्टॅबिलायझर दिला. वीज कधी येते, कधी जाते याचं काकांनी आठवड्याचं वेळापत्रक बनवून भिंतीवर खडूनं लिहिलं. ते वेळापत्रक वीजवाल्यांना माहीत नसल्यामुळे दुसऱ्याच दिवशी वाळवण ऐन रंगात असताना वीज गेली. या मशीनचं दार मध्येच वीज गेली की उघडत नसे. पोरांचे सगळे कोरडे लंगोट आत, पोरं बाहेर, आणि गोल काचेतून लंगोट सगळ्यांना दिसतायत. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दुपटी कोंडली यांनी. आता जामीन कोन ऱ्हातंय?" दुसऱ्या दिवसापासून काकांनी कपड्यांचे दोन भाग केले. एक आत, एक बाहेर. एका वेळी सगळं मशीनच्या स्वाधीन करायचं नाही. हा नियम मी पुढे माझ्या गिऱ्हाइकांनाही सांगत आलो.

दुसरी अडचण घरच्या माणसांची. घरात वाळवायची मशीन आहे म्हटल्यावर ज्याचा कपडा ओला, त्याला ती आपलीच वाटू लागली. काका जेवायला बसलेत असं बघून थोरल्या सुनेनं एकदा सोलापुरी चादर आणि नवऱ्याची शेतातली पँट आत कोंबली. मशीन कण्हू लागली. तीन तासांनी चादरीचा ओला पीळ बाहेर आला, कडेनं कोमट आणि मधून थंडगार, आणि पँटची माती सगळ्या आतल्या पिंपाला लागलेली. काकांनी चादर ताणकाट्याला लटकवली, सगळ्यांना वजन दाखवलं आणि मग मशीनच्या वरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "फक्त दोघांचे." त्या दिवसापासून ते मशीनपासून हलेनासे झाले. पेपर तिथेच, चहा तिथेच. पाहुणे आले तर त्यांनाही मशीनजवळ सतरंजी.

सहाव्या-सातव्या दिवशी ती वाळवेनाशी झाली. नुसती फिरे, पण कपडे दमटच निघत. मी कंपनीला फोन केला. कारागीर पुण्याहून यायला आठ दिवस लागतील असं उत्तर मिळालं. बाहेर झड सुरूच होती आणि मुलीचा खोकला नुकता कुठे सैल पडायला लागला होता. दुकान बंद करून मी काकांकडे गेलो. आम्ही दोघं मशीनच्या मागे जमिनीवर पालथे पडलो. मला पंखा उघडता यायचा, टीव्ही थोडाफार यायचा, पण ही मशीन कधी उघडली नव्हती. भीती वाटत होती, की आहे तीही बिघडेल. काका म्हणाले, "घाबरू नगंस. यात वारं कुटून जातं तेवडं दाव." वाऱ्याची वाट शोधत आम्ही मागची पत्र्याची पट्टी काढली. आत दुपट्यांचा भुगा साठून कापसाचा बोळा झाला होता, मुठीएवढा. काकांनी तो बोटांनी अलगद ओढून काढलं, मावशीच्या जुन्या दात घासायच्या ब्रशनं आतली वाट साफ केली आणि पट्टी बसवली. पहिल्या फेरीला डब्याचं झाकण पुन्हा कोरडं राहिलं. मनीषा दारात मुलीला घेऊन उभी होती. ती खाली बसली आणि मशीनमधून काढलेल्या गरम दुपट्यात तिनं मुलीला गुंडाळलं. मावशी जवळ आली, दुसरं दुपटं दोन्ही हातांत धरून बसली. तीन आठवडे पाण्यात राहून तिच्या बोटांची कातडी सुटली होती. "ऊन धरल्यावानी लागतंय," ती म्हणाली. त्यानंतर तिनं मशीनला नावं ठेवली नाहीत.

आठ-दहा दिवसांत मुलीच्या छातीतला आवाज थांबला. पुरळ गेलं. दोन्ही पोरं अंग धरू लागली. डॉक्टरांनी औषधाला श्रेय दिलं आणि मावशीनं धूर बंद झाल्याला. काकांनी कुणालाच दिलं नाही, कारण तपासून बघायचा उपाय त्यांच्याजवळ नव्हता.

या यशाचा माझ्या दुकानाला फायदा व्हायला हवा होता. झालं उलटंच. आळ्याच्या काकांनी ती मशीन पास केली, हे कानोकानी झालं आणि लोक दुकानात यायच्या ऐवजी आधी त्यांच्याकडे जाऊ लागले. राजुरीचे एक बागाईतदार गाडी घेऊन आले. काकांनी त्यांना सतरंजीवर बसवलं.

"घरात मान्सं किती?"

"चौदा."

"आंगनात ऊन येतं?"

"येतं की. दिवसभर."

"कापडाला घाम आसतो का माती?"

"शेती हाय, काका. मातीच जास्ती."

"मंग घिऊ नका. मोटी धुवायची घ्या आन् दोरी बांदा. ही मशीन तुमच्या घरी रडंल."

बागाईतदार उठून गेले आणि दोरी घेऊन गेले. अशी माझी सात-आठ गिऱ्हाइकं काकांनी परत पाठवली. पण फाट्यावर एका खोलीत भाड्यानं राहणारं मास्तर-मास्तरणीचं जोडपं त्यांच्याकडे गेलं तेव्हा काकांनी त्यांच्या खोलीला गॅलरी नाही, दोघंही दिवसभर शाळेत असतात, एवढं विचारून घेतलं आणि त्यांना माझ्याकडे पाठवलं. "दोगांना व्हईल. सकाळी टाकून जावा, सांजच्याला काडा. पन सोलापुरी चादर घातली तर माज्याकडं येऊ नका." त्यांच्यासाठी मी मुद्दाम पुण्याहून तशी मशीन मागवली, आणि ती दोघं बदली होईपर्यंत ती सुखानं वापरत होती. कुठल्या घराला काय पुरेल, हे मला कंपनीच्या कागदांपेक्षा काकांच्या त्या तीन-चार प्रश्नांनी जास्त शिकवलं. आजही कुणी मशीन घ्यायला आलं, की मी आधी अंगणाची चौकशी करतो.

दिवाळीनंतर मनीषा पोरांना घेऊन पुण्याला परत निघाली. तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचा, आणि कपडे वाळत घालायला खिडकीबाहेरच्या दोन तारा. काकांनी जाहीर केलं, की मशीन तिच्याबरोबर जाईल. मावशीनं विचारलं, "आन् आपल्याला?" काका म्हणाले, "आपल्याला ऊन हाय." टेम्पोत गाद्या घालून मशीन चढवली आणि मधल्या खड्ड्यांत तिला धक्का बसू नये म्हणून काका स्वतः मागे तिला पाठ लावून बसले, थेट पुण्यापर्यंत. तिथे नळ, वीज, मोरीची उंची सगळं तपासलं, एक फेरी चालवून दाखवली आणि चहा घेऊन त्याच टेम्पोनं परत आले.

त्यानंतर एक नवीनच प्रकार सुरू झाला. काकांच्या घरी फोन नव्हता. दिवसाआड ते सायकल मारत फाट्यावर यायचे आणि माझ्या दुकानातून पुण्याला फोन लावायचे. मनीषानं उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं, "मशीन बरी हाय का?" जणू काही मशीन कुणी आजारी माणूस आहे. मग वाळवतीय का, आवाज कसा येतोय, पाणी गळतंय का, असं दोन-तीन मिनिटं चालायचं. मुलांबद्दल एक शब्द नाही. पण मध्येच ते थांबायचे आणि रिसीव्हर कानाला दाबून म्हणायचे, "मागं कोन वराडतंय?" मनीषा सांगायची, की दोघांचं भांडण चाललंय, त्यानं तिचं खेळणं घेतलंय. काका ऐकून घ्यायचे. "बरं. मंग गरम वारं नीट येतंय न्हवं?" आणि फोन ठेवायचे. मी मावशीला एकदा विचारलं, की काका मुलांची विचारपूस का करत नाहीत. ती म्हणाली, "लेकीच्या घरी सारखं फोन करून कशी हायेस, पोरं कशी हायेत म्हन्लं, तर सासरच्यांना वाटंल, हिचा बाप आमच्यावं पाळत ठेवतोय. ह्यांचा तपासायचा सोभाव तुला ठावं न्हाई का? मशीनचं ईचारलं तर कोन काय म्हनंल?"

वर्षं गेली. मोबाईल आले, काकांच्या मुलांकडेही आले, पण काका फोन करायला दुकानातच यायचे. जुळी शाळेत जाऊ लागली. मग एकदा काका नसताना मनीषाचा फोन आला. "दादा, मशीन गेली रे. कायमची. मोटार जळली, ह्यांनी भंगारात देऊन टाकली. आप्पांना मात्र सांगू नको. मी सांगेन सावकाश." मी नाही सांगितलं. तिनंही नाही सांगितलं. काका दिवसाआड येत, मशीन बरी आहे का विचारत, आणि पलीकडून ती, बरी आहे म्हणून सांगे. एकदा तर तिनं, पावसामुळे जरा जास्त वेळ घेते, असंही सांगितल्याचं मला आठवतं. रिसीव्हरमधून तिचा आवाज ऐकू यायचा, आणि मी कुठल्या तरी खोक्यात डोकं घालायचो.

काका जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांचा विषय निघाला, की मला एक दुपार आठवते. त्यांनी नेहमीसारखा फोन केला, ठेवला आणि स्टुलावर बसून चष्मा पुसू लागले.

"बरी हाय म्हन्ती मशीन," ते म्हणाले.

"चांगलं झालं," मी पंख्याच्या खोक्याची पट्टी कापत म्हणालो.

"दीड वरीस झालं तिला भंगारात जाऊन."

"कुणी सांगितलं?"

"नातीनं. मागं एकदा तिनं फोन उचलला. म्हन्ली, आजोबा, ती तर केव्हाच गेली."

"मग मनीषाला काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? तिला वाटतंय मला ठावं न्हाई. वाटू दे." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मशीन गेली म्हनून तिनं कबूल केलं, तर परवाच्याला फोन करून मी ईचारू काय?"

काका उठले, टोपी नीट केली आणि सायकलवर टांग मारता मारता म्हणाले, "परवा जरा लौकर येतो. नात शाळंला जायच्या आदी मशीन कशी हाय ती ईचारून घितो."